भुयारातले दफ्तर

एखादा प्रौढ वयाचा, बऱ्यापैकी धष्टपुष्ट ड्रॅगन ठार मारावयास सुमारे किती वेळ लागतो, हा प्रश्न संसारी गृहस्थाच्या मनात सहसा उद्भवत नाही; आणि उद्भवलाच, तर तलवार, भाला, शौर्य आणि दैव यांचा हिशेब करून तो जे उत्तर देईल ते सर्वस्वी चुकीचे ठरेल. माझ्या निरीक्षणाप्रमाणे या कामास एक अख्खी संध्याकाळ लागते, आणि तीत प्रत्यक्ष ड्रॅगनच्या वाट्यास फार तर पाव तास येतो. बाकीचा वेळ मशाल कोणाच्या हाती होती, ती केव्हा पेटवली, मशाल धरणाऱ्या इसमास त्याच वेळी ढाल धरता येते किंवा कसे, मृत ड्रॅगनच्या ठेव्याचे वजन किती भरेल, आणि तो ठेवा वाहून नेण्याकरिता आणलेले खेचर भुयाराच्या तोंडाशी बांधले होते की मोकळेच सोडले होते, या बाबींच्या चौकशीत खर्ची पडतो. खेचराच्या बाबतीत दोन्ही बाजूंच्या जबान्या होतात. ड्रॅगन बिचारा तोवर ताटकळत असतो.

हे ज्ञान मला ज्या मंडळींकडून प्राप्त झाले, ती मिलवॉकीच्या एका उपनगरात, माझ्या शेजाऱ्यांच्या तळघरात, महिन्यातून एका शनिवारी रुजू होतात. मंडळी पाच : एक निवृत्त गणितशिक्षक, एक दंतवैद्य, एक वकील, टपालखात्यातून नुकतेच मोकळे झालेले एक गृहस्थ, आणि हार्डवेअरच्या दुकानाचे एक मालक. पाचही जण एका शाळेत शिकले, एकाच वर्षी मिसरूड फुटून एकाच दशकात टक्कल पडू लागलेले असे समवयस्क आहेत, आणि राजकारण, धर्म किंवा बेसबॉल यांपैकी एकाही विषयात त्यांचे आजवर एकमत झालेले नाही. शाळेच्या जेवणघरात मांडलेला खेळ त्यांनी लष्करी नोकरी, लग्ने, घटस्फोट, गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया आणि कन्यांचे विवाह यांतून वाट काढीत अद्याप मोडलेला नाही, ही एकच गोष्ट त्यांना एकत्र ठेवते. मला तेथे अनिवासी निरीक्षकाचा दर्जा आहे. माझ्या पत्नीच्या हातच्या पातळ पोह्यांच्या चिवड्याचा डबा हजर केल्याखेरीज तो दर्जा अमलात येत नाही, एवढीच काय ती अट.

ज्या वाचकांचा या खेळाशी परिचय नसेल त्यांना त्याचे स्वरूप थोडक्यात निवेदन करणे भाग आहे. खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. त्यास पट नाही; सोंगट्या असल्या तर शोभा, नसल्या तरी अडत नाही. एक जण सूत्रधार होतो, त्यास डंजन मास्टर म्हणतात, आणि भुयारात कोठे काय दडले आहे याचा नकाशा एका पुठ्ठ्याच्या आडोशामागे तो एकटाच पाहतो. इतरांपैकी कोणी योद्धा होतो, कोणी धर्मगुरू, कोणी चोर, कोणी मांत्रिक. ते आपण काय करतो ते तोंडाने सांगतात, सूत्रधार त्याचे फळ सांगतो, आणि जेथे फळाविषयी संशय असेल तेथे फासे टाकून निकाल लावला जातो. या खेळात कोणी जिंकत नाही, आणि खेळ कधी संपत नाही. आमचे गणितशिक्षक शाळेत असल्यापासून सूत्रधार आहेत. त्या पदावर त्यांची नेमणूक कोणी केली याचा कागद उपलब्ध नाही, परंतु वहिवाट इतकी जुनी झाली आहे की आता हरकत घेण्याची मुदत टळून गेली.

या खेळाच्या दोन जनकांपैकी एकाचे चरित्र ज्याने वाचले असेल त्यास मंडळींच्या दफ्तरी वृत्तीचे आश्चर्य वाटणार नाही. गॅरी गायगॅक्स हे शिकागोतील एका विमा कंपनीत अंडररायटर होते; म्हणजे कोणत्या जोखमीवर किती हप्ता आकारावा याचा अंदाज बांधणे हा त्यांचा पेशा. १९७० साली ती नोकरी गेली, तेव्हा विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या आपल्या गावी ते जोडे दुरुस्त करून प्रपंच चालवू लागले आणि उरल्या वेळात युद्धखेळांचे नियम लिहू लागले. ज्याने उमेदीची वर्षे अपघातांची संभाव्यता मोजण्यात घालवली, त्याने कल्पनासृष्टीत प्रवेश करताच तेथे ज्वर, कुष्ठ, पुरलेले खंजीर, कोसळणारी छते आणि वाटेत भेटणारे लुटारू या सर्वांची शतमानावर कोष्टके मांडावी, हे क्रमप्राप्तच होते. इतर कवींनी परीकथा लिहिल्या. परीकथेचा विमा उतरवता येईल इतकी तिची बारकाईने नोंद करणारा हा एकच.

दुसरे जनक डेव्ह आर्नेसन, शेजारच्या मिनेसोटातील सेंट पॉलचे. त्यांचे स्नेही डेव्हिड वेसली यांनी १९६९ मध्ये नेपोलियनच्या काळातील एका काल्पनिक नगराचा असा खेळ मांडला होता की ज्यात खेळणाऱ्यास सैन्याऐवजी एखादाच मनुष्य वाट्यास येई. आर्नेसन यांनी ती युक्ती उचलून ‘ब्लॅकमूर’ नावाच्या किल्ल्याखालच्या भुयारात नेऊन सोडली, आणि १९७२ च्या अखेरीस लेक जिनिव्हास येऊन गायगॅक्स यांस तिचा प्रयोग दाखवला. आर्नेसन यांच्यापाशी कल्पना विपुल होत्या आणि कागद विस्कळीत होते. गायगॅक्स यांच्यापाशी टंकयंत्र होते. या संयोगातून १९७४ च्या जानेवारीत तीन लहानशा पुस्तिकांची एक पेटी बाजारात आली. किंमत १० डॉलर, पहिली छपाई १००० प्रतींची. पेटी विकत घेऊन घरी नेणाऱ्यास असे आढळून येई की लढाई कशी करावी हे समजण्यास ‘चेनमेल’ नावाची १९७१ ची आणखी एक पुस्तिका पदरी असली पाहिजे, आणि भुयाराबाहेर पडून रानावनात हिंडावयाचे असल्यास ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ नावाचा दुसऱ्याच कंपनीचा निराळाच खेळ, केवळ त्यातील नकाशाकरिता, पैदा करावा अशी त्यात शिफारस आहे. ज्यांना हे साधेना त्यांनी उणे भासेल तेथे आपल्या बुद्धीने भर घातली, आणि अशा रीतीने पहिल्या वर्षीच जितकी टेबले तितके कायदे झाले.

फाशांचीही तीच तऱ्हा. चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे जे फासे या खेळास लागतात, ते प्रारंभी शाळांस भूमितीची साधने पुरवणाऱ्यांकडून मागवावे लागत. पुढे पेटीतच फासे मिळू लागले. पण त्यांवरील आकडे कोरलेले असले तरी रंगवलेले नसत, म्हणून सोबत मेणाचा एक खडू दिलेला असे आणि तो घासून आकडे आपले आपण उजळावयाचे असत. एकदा तर फाशांचा तुटवडा पडून कंपनीने त्यांच्याऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले, जे पेल्यात घालून चिठ्ठीप्रमाणे काढावे. आमच्या टपालवाल्यांपाशी त्या काळचा एक वीस बाजूंचा फासा अद्याप आहे. त्याचे प्लास्टिक मऊ असल्याने चाळीस वर्षांत त्याचे कोपरे झिजून तो इतका वाटोळा झाला आहे की टाकल्यावर तो थांबेल की घरंगळत धुलाईयंत्राखाली जाईल हे पाहणे हाच एक स्वतंत्र खेळ होऊन बसतो. तो बदलावा अशी सूचना एकदा दुकानदारांनी केली होती. तिला अनुमोदन मिळाले नाही.

१९७७ ते १९७९ या काळात गायगॅक्स यांनी हे सारे पसरलेले कायदे गोळा करून ‘ॲडव्हान्स्ड’ या विशेषणाखाली तीन जाडजूड ग्रंथांत संहिताबद्ध केले : एक राक्षसांचा, एक खेळाडूंचा, आणि एक सूत्रधाराचा. हा नवा संग्रह म्हणजे जुनाच खेळ की सर्वस्वी निराळा, हा मुद्दा मानधनाच्या दृष्टीने महत्त्वाचा असल्यामुळे १९७९ मध्ये आर्नेसन यांनी न्यायालयात दावा लावला आणि १९८१ मध्ये त्याची तडजोड झाली. तळघरात मात्र हा दावा अद्याप चालू आहे. शत्रूवर वार लागला की नाही हे ठरवण्याचे कोष्टक खेळाडूंच्या ग्रंथात नाही, सूत्रधाराच्या ग्रंथात आहे. आणि तो ग्रंथ बाळगताना जो खेळाडू आढळेल तो सन्मानाच्या मरणासही लायक समजू नये, असा अभिप्राय ग्रंथकर्त्यांनी खुद्द त्या ग्रंथातच नमूद करून ठेवला आहे. रयतेने कायदा पाळावा, पण वाचू नये, ही राज्यपद्धती इतिहासात अन्यत्रही आढळते. परंतु इतक्या मोकळेपणाने ती छापून प्रसिद्ध केल्याचे उदाहरण विरळा. आमच्या वकिलांनी तो ग्रंथ वयाच्या चौदाव्या वर्षी पांघरुणात शिरून विजेरीच्या उजेडात वाचून काढला, आणि आपण पुढे वकील का झालो याचे कारण ते हेच सांगतात.

या संहितेतील काही कलमांचा आस्वाद वाचकांस देणे आवश्यक वाटते. चिलखत जितके उत्तम तितका त्याचा आकडा लहान : उघड्या अंगाचा दहा, पोलादी कवच आणि ढाल मिळून दोन, आणि जादूचे कवच असेल तर शून्याखाली उतरत उणे दहापर्यंत. अर्थात ‘उणे तीन’ हे वर्णन ऐकून मत्सराने सुस्कारा सोडावा लागतो. दहा ‘सेगमेंट’चे एक मिनिट, दहा मिनिटांचे एक ‘टर्न’, आणि सहा टर्न झाले की मशाल विझते. दहा सुवर्णनाण्यांचे वजन एक पौंड धरलेले असल्यामुळे हजार नाण्यांचा ठेवा सापडणे ही प्रथमदर्शनी आपत्तीच असते. आणि गंमत अशी की मनुष्याची योग्यता वाढते ती मुख्यत्वे सोन्यामुळे : बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्यामागे अनुभवाचा एक गुण. गॉब्लिनसारखा क्षुद्र शत्रू जिवावर उदार होऊन मारला तरी पदरात जे पडते ते दहा-पंधरा नाण्यांच्या मोलाचे. यामुळे आमचे वीर पराक्रमाच्या प्रसंगी शक्यतो मागल्या दाराने निसटतात, आणि शत्रू झोपला असता त्याची पेटी उचलून आणण्यात जो पुरुषार्थ आहे तो अन्य कशात नाही असे त्यांचे प्रामाणिक मत बनले आहे. बरे, गुण जमले म्हणून लगेच पायरी चढता येते असेही नाही. गुरूपाशी राहून शिकावे लागते, आणि त्या गुरूची फी, आपण ज्या पायरीवर असू तिच्या दर पायरीस पंधराशे सुवर्णनाणी, आणि तीही दर आठवड्याची! ड्रॅगनच्या गुहेतून जीव वाचवून आणलेले सोने शिकवणीवाल्याच्या घशात घालताना दंतवैद्यांचा चेहरा जो होतो, तो त्यांच्या स्वतःच्या रुग्णांनी पाहण्यासारखा असतो.

पहिल्या पायरीवरील मांत्रिक हा तर करुणरसाचा विषय आहे. त्याचे आयुष्य चार बाजूंच्या एका फाशाने ठरते, म्हणजे घरच्या मांजराने मनावर घेतले तर ते त्यास परलोकी धाडील, असे खेळाडूंत म्हटले जाते. त्यास दिवसाकाठी एक मंत्र येतो, आणि तो एकदा उच्चारला की विसरतो. ही विस्मृतीची कल्पना जॅक व्हान्स या कादंबरीकाराच्या ‘द डाइंग अर्थ’ या १९५० च्या पुस्तकातून आलेली. मंत्र म्हणजे डोक्यात कोंबलेला एक सजीव पदार्थ, तो बाहेर सुटला की जागा रिकामी. मंत्र खर्ची पडल्यावर उरलेला दिवस हा विद्वान मनुष्य मशाल धरण्याचे काम करतो. टपालवाले गृहस्थ गेली कित्येक वर्षे मांत्रिक आहेत. नोकरीतही आपला अनुभव असाच होता, असे ते म्हणतात.

याउलट हत्यारांची समृद्धी पाहून मती गुंग होते. ग्लेव्ह, गिझार्म, ग्लेव्ह-गिझार्म, बिल-गिझार्म, गिझार्म-व्हूल्ज, रॅन्सूर, स्पेटम, बार्डिश : लांब दांड्याच्या टोकास लोखंड बसवण्याचे जितके प्रकार मध्ययुगीन युरोपास सुचले ते सारे गायगॅक्स यांनी अत्यंत जिव्हाळ्याने नोंदवले, आणि कोणते हत्यार कोणत्या चिलखतावर किती परिणामकारक याचे एक सविस्तर कोष्टकही दिले, जे बहुतेक घरांत कधीही वापरले गेले नाही. आमच्या तळघरात ते वापरतात. हार्डवेअरचे दुकानदार दर वेळी बेक द कॉर्बां नावाचे हत्यार हाती घेतात, ते या कोष्टकातील एका चौकोनाच्या भरवशावर.

खरे युद्ध खेळाडू आणि राक्षस यांच्यात नसून खेळाडू आणि सूत्रधार यांच्यात असते, आणि राक्षसांच्या ग्रंथावर त्या युद्धाचे वण स्पष्ट दिसतात. खेळाडू दारास कान लावून आतील कानोसा घेऊ लागले. तेव्हा लाकडात दडून बसणारा आणि कान लावणाऱ्याच्या कानात शिरणारा एक कीटक निर्माण करण्यात आला. खेळाडू पेट्या उघडू लागले. तेव्हा पेटीचे सोंग घेणारा प्राणी आला. जमीन सुरक्षित वाटू लागली तेव्हा जमिनीसारखा दिसणारा प्राणी आला, आणि ते पाहून वर पाहू लागलेल्यांकरिता छतासारखा दिसणारा. भुयारे दहा फूट रुंद असतात, म्हणून बरोबर दहा फूट लांब-रुंद-उंच असा एक पारदर्शक, थुलथुलीत घन त्यांतून सरपटत जातो आणि केर काढल्याप्रमाणे वाटेतील सर्व काही पोटात घेतो. हाँगकाँगहून आलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांच्या एका पुडक्यातील विचित्र आकृत्या गायगॅक्स यांच्या हाती लागल्या, त्यांतून अर्धे घुबड आणि अर्धे अस्वल असा प्राणी आणि लोखंडाचा गंज करून खाणारा एक प्राणी उपजला. या सर्व कायदेकानूंचा परिपाक असा की अनुभवी खेळाडू दहा फूट लांबीची एक काठी घेतल्यावाचून घरातून निघत नाही, आणि तिने जमीन, भिंत, छत, पेटी, पुतळा, आणि वाटेत भेटलेला निरुपद्रवी म्हातारा या सर्वांस टोचून पाहतो.

राक्षस या नावाचाच एक राक्षस त्या ग्रंथात आहे, हे पाहून मी साहजिकच पुढे सरसावलो. त्यास वाघाचे मुंडके असून तो उंची कोट घालून पाइप ओढीत बसलेला चितारला आहे. तो प्रथम भारतात आढळला, आता सर्वत्र पसरत आहे, अशी त्याच्याविषयी नोंद आहे. (अमेरिकेतील आमच्या लोकांविषयीही काही शेजाऱ्यांचे मत शब्दशः असेच आहे.) धर्मगुरूने मंतरलेला आडव्या धनुष्याचा बाण लागल्यास तो तत्काळ मरतो. रामायणात अशी सोय असती तर लंकाकांड पुष्कळ आटोपशीर झाले असते, असे मी म्हणालो. त्यावर रावणाची पायरी कितवी धरावी, असा प्रश्न वकिलांनी गंभीरपणे विचारला. १९७६ साली देवदेवतांची जी पुरवणी निघाली तीत आणि १९८० च्या विस्तृत ग्रंथात इंद्र, अग्नी, वरुण, यम आणि प्रत्यक्ष विष्णू यांचीही चिलखताच्या आकड्यांसह आणि किती घाव सोसतील याच्या अंकांसह नोंद आहे. देवास प्राणांक देण्याचे कारण काय, असे मी विचारता गणितशिक्षक म्हणाले की अंक दिला नाही तर खेळाडू भांडतात, आणि दिला तर ते त्यास ठार मारावयास निघतात; दोहोंपैकी दुसऱ्या गोष्टीस निदान नियम आहेत. मी घरी येऊन ही गोष्ट पत्नीस सांगितली. पुढल्या महिन्यात चिवड्यात शेंगदाणे कमी होते.

आता प्रश्न असा की हे सारे नियम १९८९, २०००, २००८, २०१४ आणि २०२४ या वर्षी उत्तरोत्तर सुधारले गेले असता, चिलखताचा उलटा आकडा २००० सालीच सुलटा झाला असता, आणि नवी पुस्तके गुळगुळीत कागदावर रंगीत चित्रांसह उपलब्ध असता, या सुशिक्षित मंडळींनी १९७७-७९ च्या जीर्ण ग्रंथांस का कवटाळून बसावे? एकटे तेच आहेत असेही नाही. २००६ साली काही जुन्या नियमांच्या अभिमान्यांनी तीच संहिता आपल्या शब्दांत पुन्हा लिहून ‘ऑस्रिक’ या नावाने प्रसिद्ध केली, कारण नियमांवर कोणाचा स्वामित्वहक्क चालत नाही, तो चालतो त्यांच्या शब्दांवर. २०१९ मध्ये गॅव्हिन नॉर्मन यांनी १९८१ च्या सोप्या नियमांची अशीच स्वच्छ आवृत्ती काढली. आणि गायगॅक्स २००८ मध्ये निवर्तल्यापासून लेक जिनिव्हात दर वसंतात जी जत्रा भरते तीत करड्या दाढ्यांचे हे वारकरी दूरदुरून येतात. कोणती आवृत्ती प्रमाण मानावी याविषयी त्यांच्यात जे तट आहेत ते पाहिल्यावर, टिळक पंचांग मानणाऱ्यांची दिवाळी इतरांहून कधी कधी निराळी का पडते हे मला प्रथमच आतून उमजले : गणिताचा वाद मिटवता येतो, पण तो मिटवण्याची इच्छा कोणास असते?

माझी अशी पक्की समजूत झाली आहे की या मंडळींचे प्रेम जुन्या संहितेच्या त्रुटींवर जडलेले आहे. निःशस्त्र कुस्तीचे तिच्यातील प्रकरण आजवर कोणासही शेवटपर्यंत लावता आले नाही. दोन ग्रंथांत तीच गोष्ट दोन प्रकारे सांगितलेली आढळते. आणि जेथे ग्रंथ मूक आहे तेथे सूत्रधाराने आपला निवाडा द्यावा, असा संकेत आहे. प्रत्येक निवाड्यावर अपील होते, अपिलात चौदा वर्षांपूर्वीचा दाखला काढला जातो, आणि तो दाखला खोडून काढण्याकरिता दंतवैद्य आपल्या कातडी पेटीतून रूळ आखलेल्या वह्या काढतात. १९८१ पासूनचा प्रत्येक निवाडा, तारीखवार, त्यांत उतरवलेला आहे. आयुष्यात ज्यांना एकमेकांशी मनातले बोलण्याची सवय कोणी लावली नाही अशा पाच प्रौढ पुरुषांना दर महिन्यास तासन्‌तास एकमेकांच्या डोळ्यांत पाहून, हातवारे करून, आवाज चढवून बोलावयास लावील असा विषय देणारा ग्रंथ सदोष असलाच पाहिजे. निर्दोष ग्रंथाने त्यांना सात वाजता घरी धाडले असते.

याची प्रचीती गेल्या हिवाळ्यात आली. दंतवैद्यांची कन्या, जी स्वतः शिकागोत आपल्या मित्रमंडळींबरोबर हाच खेळ नव्या नियमांनी खेळते, सुटीवर आली असता बापाबरोबर तळघरात आली. त्या रात्री नेमके ‘फायरबॉलचे प्रकरण’ बोर्डावर होते. हे प्रकरण १९८४ चे. टपालवाल्यांच्या मांत्रिकाने पाचव्या पायरीवर येताच, म्हणजे अग्निगोलकाचा मंत्र प्राप्त होताच, शंभर फुटांवरील शत्रूवर तो एका चिंचोळ्या भुयारात सोडला. जुन्या नियमानुसार हा गोलक जागेच्या आकाराप्रमाणे पसरतो आणि आपले पूर्ण आकारमान, म्हणजे सुमारे ३३,००० घनफूट, भरून काढतो. दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच भुयारात याचा अर्थ ३३० फूट लांबीचा जाळ, निम्मा पुढे आणि निम्मा मागे. १६५ मधून शंभर वजा करण्याइतके गणित त्या क्षणी मांत्रिकास सुचले नाही, आणि पुढे शिक्षक झालेल्या सूत्रधारास मात्र सुचले. चौघेही वीर जागच्या जागी भस्म झाले. अपिलातील मुद्दा असा की भुयाराच्या मध्यावर कडेला एक दार होते. ते उघडे असल्यास बराचसा जाळ आतील दालनात गेला असता आणि निदान धर्मगुरू वाचला असता.

कन्येने हे सारे ऐकून घेतले, आपल्या पुस्तकाचे एक पान उघडले आणि सांगितले की नव्या नियमाप्रमाणे गोलकाची त्रिज्या वीस फूट. तो मागे उलटत नाही. शंभर फुटांवर टाकला तर तुम्हांपैकी कोणाच्या मिशीसही झळ लागली नसती. मामला खलास.

तळघरात असा सन्नाटा मी ड्रॅगनच्या प्रसंगीही अनुभवला नव्हता. अखेर वकील उठले, त्यांनी पँट वर ओढली, आणि कोणताही दुरुस्त कायदा, तसे स्पष्ट म्हटले नसल्यास, पूर्वलक्षी परिणामाने लागू होत नाही, असे तत्त्व मांडले. चार माना डोलल्या. मेलेल्या वीरांच्या बाजूने लागणारा निकाल मेलेल्या वीरांच्याच मालकांनी एकमताने फेटाळला. आणि धर्मगुरू ज्यांचा मेला ते दंतवैद्य तर पोरीकडे अशा दृष्टीने पाहू लागले की जणू तिने घरचे तांब्याचे सारे जुने हंडे मोडीत काढून स्टीलचे घेण्याचा प्रस्ताव आणला आहे.

पोरगी मात्र बापाची होती. तिने पुस्तक मिटले, जरा विचार केला, आणि म्हणाली, “बरं, मग दार उघडं होतं की बंद, ते मूळ नकाशावर दाखवलेलं नाही का?”

आता सांगावयास नवल वाटेल, पण इतक्या वर्षांत हा अर्ज कोणी केला नव्हता. सूत्रधाराचा नकाशा मागणे म्हणजे मर्यादेचा भंग, अशी सर्वांची समजूत. गणितशिक्षकांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. परंतु वकिलांनी दस्तऐवज दाखल करून घेण्याची रीतसर मागणी केली तेव्हा ते माळ्यावर जाऊन आलेखकागदाची एक पिवळी पडलेली गुंडाळी घेऊन आले. ती टेबलावर पसरली, चारही कोपऱ्यांवर फासे ठेवले, आणि सहा डोकी तीवर वाकली. भुयार होते. दालन होते. दोहोंच्या मध्ये, जेथे दार असावयाचे, तेथे कोकाकोलाचा एक तपकिरी डाग होता, चांगला चहाच्या बशीएवढा, आणि त्याखाली शाई विरघळून काहीही वाचता येत नव्हते.

“पुरावा नष्ट करण्यात आला आहे,” वकील म्हणाले.

“तू तेव्हा माझ्या उजव्या हाताला बसायचास,” टपालवाले म्हणाले.

“मी कोकाकोला पीत नसे. मी रूट बिअर पीत असे. पाहिजे तर वही पाहा.”

दंतवैद्यांनी पेटी उघडली, १९८४ ची वही काढली आणि चष्मा पुसू लागले. कन्येने खुर्ची पुढे ओढून घेतली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे ज्या कोणा प्राण्याने त्या रात्री या मंडळींवर झडप घालावयाची होती, त्याची तारीख सूत्रधारांनी पुढच्या महिन्यावर नेली.